फळ्यावरचं एकोणीस

१

इंद्रकुमार सरांचं प्रेत सापडलं तेव्हा घाटावरच्या फळ्यावर आदल्या संध्याकाळचा आकडा तसाच होता. पाणी एकोणीस अंश. त्याखाली खडूच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं: पोहण्याची वेळ दुपारी बारा ते तीन, एकट्यानं उतरू नये.

जानेवारीतली सकाळ. बेहडाटोल्यात त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती, की कोंबडे आरवायला चोच उघडायचे आणि आवाज तिथंच गोठल्यामुळे नाइलाजानं मिटून घ्यायचे. गावात हे आजही शपथेवर सांगतात. तलावावर धुकं इतकं दाट, की मुन्ना डोंगेवाल्याला प्रेत दिसलं नाही, ते त्याच्या डोंग्याला लागलं. तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बांधाजवळ, जुन्या दगडी खांबापासून चार हातांवर.

सर फुलचूरचे. कॉलेजात खेळ शिकवायचे. वय पंचेचाळीस, पण पाठ पाहिली तर तिशीतली वाटे. लांब पल्ल्याच्या पोहण्याचा सराव करायला ते दर शनिवारी मोटारसायकलनं बेहडाटोल्याला येत, आणि सराव झाला की गावातल्या बावीस पोरींना पोहायला शिकवत. फेरी पूर्ण झाली, की खांबाशी बुडी मारून तळाचा मूठभर चिखल वर आणायची त्यांना खोड होती. पोरी टाळ्या वाजवायच्या.

त्यांना पाण्याबाहेर काढलं तेव्हा घाटावर अर्धं गाव जमलं होतं. मुन्नाचे हात ओले, अंगात हुडहुडी भरलेली. फळ्याकडे बोट करून तो म्हणाला, "पाणी बरफ होऊन राहिलं, अन् हे पोरगी एकोणीस लिहून राहिली. तेच वाचून उतरला माणूस."

पोरगी म्हणजे चंचल. तेवीस वर्षांची, ढिवराची, म्हणजे मासेमाराच्या घरची, ग्रामपंचायतीनं नेमलेली तलाव-रक्षक. दोरीला दगड आणि थर्मामीटर बांधून रोज संध्याकाळी वरचं आणि तळाचं पाणी मोजायची, आकडा फळ्यावर लिहायची. गर्दीनं फळा वाचला, मग स्वतःच्या तोंडातून निघणारी वाफ पाहिली, आणि निकाल तिथंच लागला.

डॉक्टरनं बुडून मृत्यू लिहिला. उजव्या मांडीवर गोल काळानिळा वळ होता. तो खांबाच्या दगडाचा असेल, असं सगळ्यांनी धरलं. थंडीनं पेटका आला, माणूस गेला. सोमवारी ग्रामसभा ठरली. फळा काढायचा, चंचलला काढायचं, आणि पोरींचं पोहणं कायमचं बंद.

२

चंचलची आजी देवकाबाई. पन्नास वर्षं तिनं छातीभर पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडले होते. त्यामुळं तिच्या डाव्या पायाला पाण्याची जी समज आली होती, ती थर्मामीटरला यायला अजून दोन-तीन पिढ्या लागतील. मागे एकदा चंचलच्या हातून थर्मामीटर फुटलं, तेव्हा नवं येईपर्यंत पंधरा दिवस फळ्यावर आजीच्या पायाचा आकडा लागत होता. नवं आलं, ते पायापेक्षा अर्ध्या अंशानं चुकीचं निघालं. म्हणून ते परत पाठवावं की काय, यावर पंचायतीत चर्चा झाली म्हणतात.

रविवारी पहाटे, थंडी कालच्याइतकीच असताना, चंचल तिला घाटावर घेऊन गेली. डोळे रडून सुजलेले.

"आजी, तू पाय टाकून सांग. मी खोटं लिवलं काय?"

देवकाबाईनं लुगडं सावरलं, डावा पाय बुडवला, डोळे मिटले. चुलीच्या राखेत विस्तव राहतो तशी पाण्यात ऊब होती.

"एकोणीस. उलीसं कमी असंल, पन बरफ नाई."

"मंग लोक काऊन म्हणून राहिले?"

देवकाबाईनं पाय बाहेर काढला. वारा लागताच त्याला सुया टोचल्यासारखं झालं, आणि लोक काऊन म्हणत होते ते तिला कळलं. गार होता तो वारा. मुन्नाचा हात पाण्यात गारठला नव्हता, पाण्यातून काढल्यावर गारठला होता. आठ दिवसांची थंडी हवेला पुरते, एवढ्या मोठ्या तलावाला पुरत नाही. म्हणून तर पहाटे सगळ्या तलावातून वाफ निघते, आणि गाव तिला धुकं म्हणतं.

पण मग एक प्रश्न उरला. पाणी सोसवेल असं होतं, पोहणारा पक्का होता. एकट्यानं, तेही वेळेआधी उतरला ही त्याची चूक खरी. पण चूक केली म्हणून पाणी माणसाला धरून ठेवत नाही. मग धरलं कोणी?

घरी परतताना पाट आडवा आला. तलावाचं पाणी शेतांकडे नेणारा हा पाट या दिवसांत कोरडाच असे. उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या पाळ्या सुरू व्हायला दहा दिवस होते. मध्ये घोटाभर जुनं पाणी साचलेलं. देवकाबाईनं त्यात पाय टाकला आणि कळ डोक्यात गेली. थांबली.

काल, म्हणजे शनिवारी, उजाडायच्या आधी ती मासोळीची टोपली घेऊन सडक अर्जुनीच्या बाजाराला निघाली होती. याच जागी तिनं पाट ओलांडला होता. तेव्हा पाटावर वाफ होती, पाणी पोटरीला लागत होतं, वाहत होतं, आणि कोमट होतं. आपला पायही आता म्हातारा झाला, असं मनात म्हणून ती पुढं निघून गेली होती.

पाय म्हातारा झाला नव्हता. पाटात तलावाचं पाणी होतं.

३

ठाण्याच्या हवालदाराचं नाव जागेश्वर. माणूस भला, पण कागदाचा. त्यानं देवकाबाईचं सगळं ऐकून घेतलं, आणि पायाचा पंचनामा कोणत्या रकान्यात लिहू ते सांग म्हणाला. शिवाय, गावात कोणालाही विचार, तो म्हणाला, पाणी सोडायचं पाळीच्या तळाचं झाकण उघडलं असतं तर हाक आली असती ना?

इथं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बेहडाटोल्यात पाणी सोडायची एक रीत आहे. पाळ्या वाटून देणारा पाणकर पाळीवर उभा राहतो, तलावाकडे तोंड करून तीनदा हाक देतो: पाणी सुटते हो. मग चिलीमभर वेळ थांबतो. पाण्यात कोणी असेल, म्हैस असेल, जाळं असेल, तर बाहेर निघायला. त्यानंतरच चाक फिरतं. कारण झाकण खांबाच्या बुडाशी आहे, आणि ते उघडलं की तिथलं पाणी असं ओढतं, की एकदा त्यात सापडलेली घागर तिसऱ्या गावात निघाली होती. हाक ऐकून बायका पाटावर धुणं आणायच्या, शेतकरी फावडी घेऊन निघायचे. हाक नाही म्हणजे पाणी नाही. हे गावाच्या अंगात इतकं मुरलेलं, की शनिवारी पाणी सुटलं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

चाक फिरवायची लोखंडी दांडी मातामायच्या, गावदेवीच्या, चौथऱ्यामागं उघड्या खुंटीवर टांगलेली असे. ती कोणीही घेऊ शकत होतं.

देवकाबाई आधी मुन्नाकडे गेली. तो डोंग्याला डांबर लावत बसला होता. पोहणं बंद झालं तर सगळा तलाव त्याच्या पर्यटक फिरवणाऱ्या डोंग्यांना मोकळा मिळणार, हे त्यानं लपवलंही नाही. शनिवारी तो सात वाजता उठला, त्याच्या बायकोनं त्याला दोनदा लाथेनं उठवलं, हे शेजाऱ्यांनी न विचारता सांगितलं. त्याचं शेत नाही, धानाची बांधी नाही. पाटातल्या पाण्याशी त्याला काय करायचं? जाताना देवकाबाईनं विचारलं, पाणी खरंच बरफ होतं काय रे? तर तो आईची शपथ घेऊन हो म्हणाला, आणि ती शपथ खरी होती.

मग ओमेश. गावातली सगळ्यात जास्त उन्हाळी धानाची जमीन त्याची. त्याचा आणि सरांचा मागे खटका उडाला होता. पोरींनी चड्डी घालून पाण्यात उतरावं हे ओमेशला मान्य नव्हतं. शिवाय त्यानं पाळी नसताना पाणी मागितलं होतं, आणि पाणकरानं ते दिलं नव्हतं. हे दोन्ही त्यानं स्वतःच सांगितलं, अंगणात शेकत.

त्याचा पऱ्हा, म्हणजे रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपं, थंडीनं पिवळा पडून आडवा झाला होता. त्यानं वर तणसाचा, धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, थर अंथरला होता, तरी वाचला नव्हता. एकट्या त्याचाच नाही, सगळ्या गावाचा.

"मंग पऱ्ह्यासाठी पानी मांगतलं काय गा तू?" देवकाबाईनं विचारलं.

ओमेश हसला. "चिखलणीसाठी मांगतलं, बाई. पऱ्ह्यावर तलावाचं पानी सोडू काय अशा थंडीत? अथी माणूस मेला त्या पान्यानं. उरलेलं चार काडी रोप बी मारू काय मी?"

देवकाबाई उठली. शेकोटीपासून दूर गेली तरी तिच्या अंगात कसलीशी ऊब राहिली. हा माणूस काहीतरी मोठं बोलून गेला होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

४

पाटाच्या कडेनं ती पाळीकडे चालत गेली. डाव्या हाताला पऱ्हेच पऱ्हे, सगळे हळदीच्या रंगाचे. कोणी तणस टाकलेलं, कोणी जुनी लुगडी, कोणी नुसता कपाळाला हात लावलेला.

पाळीच्या अगदी पायथ्याशी शामकलाची बांधी, धानाचा बांध घातलेला तुकडा. शामकला आठ दिवसांपासून लेकीच्या बाळंतपणाला देवरीला गेलेली. तिच्या पऱ्ह्याला ना तणस, ना लुगडं.

तो हिरवा होता. पोपटाच्या पाठीसारखा.

देवकाबाई धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसली. रोपांच्या बुडाशी चिखल ओला होता. एका कोपऱ्यात पाणी आत घेण्याची वाट, दुसऱ्या कोपऱ्यात काढून देण्याची, दोन्ही फावड्यानं नीट कापलेल्या. कोणीतरी पहाटे तळाचं उबदार पाणी रोपांना पाजत होतं, आणि ऊन आलं की गार झालेलं पाणी काढून देत होतं. चिखलावर थर पाहिले तर एकदा नव्हे, तीनदा. मायेचं काम होतं ते. चोरीचं होतं, पण मायेचं होतं.

आता ती विचार करू लागली. विचार करताना ती गवताची काडी चावायची. त्या दिवशी धुऱ्यावरचं अर्धं गवत संपलं म्हणतात.

शामकला देवरीत. चाक फिरवायला दोन मनगटं लागतात, ती कोणाची? ओमेशला पाणी हवं होतं, त्याला सर आवडत नव्हते, दांडी त्याच्या हाताला येण्यासारखी होती. पण ओमेशनं रोपांवर तणस टाकलं. तलावात ऊब आहे हे त्याला माहीत असतं, तर सगळ्यात आधी त्यानं स्वतःचा पऱ्हा वाचवला असता. मुन्नाही तसाच. पाणी बरफ आहे अशी आईची शपथ घेणारा माणूस बरफ चोरायला पहाटे उठत नाही. सगळं गाव असंच. ज्याला पाणी गार वाटत होतं, त्यानं ते पऱ्ह्यावर सोडलंच नसतं.

म्हणजे पाणी सोडणारा माणूस तो, ज्याला चंचलचा आकडा खरा आहे हे पक्कं ठाऊक होतं.

असे गावात किती? चंचल. सर, ते गेले. देवकाबाई स्वतः. आणि जो एकतीस वर्षं त्या झाकणातून निघणाऱ्या पाण्यात उभा राहत आला, तो.

शनिवारी ती बाजारातून परतली तेव्हा घाटावर लोक अजून बोलतच होते, आणि उदाराम पाणकर डोक्याला टॉवेल गुंडाळून मागं उभा होता. पाणी कसं असतं हे त्याला कोणीतरी विचारलंही होतं. तो काही बोलला नव्हता. थंडीनं बोलत नसेल, असं तेव्हा वाटलं होतं.

देवकाबाई बराच वेळ उठली नाही. बेहडाटोल्यात सरळ माणूस दाखवायचा झाला तर लोक उदारामचं घर दाखवत. एकतीस वर्षांत सख्ख्या भावाला त्यानं पाळीबाहेर ओंजळभर पाणी दिलं नव्हतं.

५

तो परसात फावडं धूत होता. तिला पाहून त्यानं बाज पुढं सरकवली. ती बसली नाही.

"शामकलाचा पऱ्हा लय साजरा हाय, भाऊ."

उदारामनं फावडं भिंतीला टेकवलं. मग स्वतःच बाजेवर बसला. त्यानं काही नाकारलं नाही. पुढचं सगळं असं सांगितलं, जणू दोन दिवस तो कोणी विचारायची वाट पाहत होता.

शामकला देवरीला निघताना म्हणाली होती, भाऊ, माझ्या पऱ्ह्याकडं पाहजो. नवरा गेल्यापासूनचा तिचा हा पहिला हंगाम. त्यानं हो म्हटलं होतं. मग थंडी आली. तिसऱ्या दिवशी रोपांची टोकं पिवळी पडली, आणि त्याला तळाचं पाणी आठवलं. हाक दिली असती तर अख्खं गाव फावडी घेऊन पाटावर आलं असतं. एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागलं असतं, आणि उन्हाळी धानाचं पाणी जानेवारीतच अर्धं झालं असतं. म्हणून तीन पहाटा त्यानं हाक न देता चाक फिरवलं. सरांची मोटारसायकल पलीकडच्या घाटावर, मध्ये धुकं. अशा थंडीत पाण्यात कोणी असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

"तिसऱ्या पहाटे बंद करतानी चाक जड लागलं," तो म्हणाला. "मले वाटलं, थंडीनं. जोर लावून फिरवलं."

देवकाबाई बाजेच्या कडेला बसली.

खांबाशी बुडी मारणारा माणूस, मांडीवर झाकणाखालच्या भोकासारखा गोल वळ. झाकण बंद होईपर्यंत पाण्यानं त्याला धरून ठेवलं, मग सोडून दिलं. दोघांनाही ते दिसत होतं.

ती म्हणाली, "ते चूक झाली, भाऊ. मले समजते. पन चंचलले खोटी म्हणून राहिले तवा तू काऊन उभा राहिला चुपचाप? पानी कसं होतं हे तुयाइतकं कोनाले माहीत होतं?"

उदारामनं भिंतीचं फावडं उचललं आणि धुतलेलंच पुन्हा धुवायला घेतलं.

"उद्या सभा हाय," ती उठत म्हणाली. "मी सांगन, नाई तं तू सांग. तू सांगशील तं बरं होईल. तुया तोंडचं गाव ऐकते."

ती घरी आली. चुलीपुढं चंचल गुडघ्यात डोकं घालून बसली होती; नोकरी गेली तरी चालेल, म्हणत होती, पण आकडा खोटा लिहिला असं म्हणून काढू नका. देवकाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकर टाकली. बाकी काही सांगितलं नाही.

६

सभेला मंडप पुरला नाही. जागेश्वर हवालदार खुर्चीवर, वही मांडीवर. ओमेशनं ठराव वाचला. मुन्ना उठून म्हणाला, की माझं त्या पोरीशी वैर नाही, पण तलाव काही शाळेची पाटी नव्हे, की येईल तो आकडा लिहावा. लोक हसले. चंचल एका बाजूला उभी होती, हातात दोरीसकट थर्मामीटर. मागे पोहायला शिकणाऱ्या बावीस पोरी. कोणी बोलायला सांगेल म्हणून ती थांबली होती. कोणी सांगितलं नाही.

हात वर करा, असं सरपंचबाई म्हणाल्या. हात वर जाऊ लागले. देवकाबाईनं उदारामकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. तिनं गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली.

तेवढ्यात तो हात वर करून उभा राहिला. त्याचाही हात ठरावासाठीच आहे असं मोजणाऱ्याला वाटलं, आणि त्यानं तो मोजलासुद्धा.

"पोरीचा आकडा खरा होता," उदाराम म्हणाला. "पानी मी सोडलं. हाक नाई दिली."

आधी कोणाला कळलंच नाही. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, शामकलाचं नाव न घेता. एका पऱ्ह्यासाठी, एवढंच म्हणाला. चाक जड लागल्याचंही सांगितलं. मंडपात वर गेलेले हात एकेक करून खाली आले. ओमेशनं ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला, मग खिशातून काढून फाडला. जागेश्वरनं वही उघडली, बंद केली, आणि उदारामच्या खांद्याला हात लावून चला म्हणाला. आपल्याहून थोरल्या माणसाला म्हणतात तशा आवाजात.

फळा राहिला. चंचल राहिली. हे सरपंचबाईंनी जाहीर केलं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या रडत होत्या, सरांसाठी, आता खऱ्या कारणानं.

मंडप रिकामा होत असताना चंचल आजीजवळ आली. आजीनं तिच्या गालाला हात लावायला पुढं केला. चंचल अर्धं पाऊल मागं सरकली.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"काल दुपारपासून."

"काल संध्याकाळी मी चुलीपुढं बसली होती. तू भाकर टाकली."

"त्यानं सोताहून सांगावं असं वाटलं, माय. सोताहून सांगतलं तं माणूस उरते."

चंचलनं दोरी मनगटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"सर पोरींले पहिल्या दिवशी काय शिकवत, माहीत हाय? बुडते त्याले आधी काढा. कसा बुडला, कायले बुडला, ते काठावर बसून मंग पाहा." ती थांबली. "एक रात, आजी. एक रात तू मले पान्यात ठेवलं."

पोरी तिची वाट पाहत होत्या. ती त्यांच्याकडं निघून गेली.

देवकाबाई तिच्यामागं गेली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला उदारामची बायको दारात बसून तांदूळ निवडत असेल; तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. सभेतले लोक त्या गल्लीतून न जाता लांबच्या वाटेनं घरी चालले होते. देवकाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि त्या गल्लीत वळली.